दोनशे मीटर चिखल

“तीन मिनिटं झाली.”

ऐंशीच्या दशकात तुम्ही रत्नागिरीहून मुंबईला ट्रंक कॉल लावला असेल, तर हे वाक्य तुम्ही ऐकलेलं आहे. मुंबईत तुमचा काका अत्यवस्थ असो, आंब्याच्या पेट्या दलालाकडे पडून असोत, नाहीतर मुलीचं लग्न “जवळजवळ ठरलं, फक्त” एवढ्यावर येऊन अडलेलं असो, एक्सचेंजच्या बाई बरोबर तिथेच मध्ये यायच्या. आवाज चढलेला नाही, उतरलेला नाही. “तीन मिनिटं झाली. वाढवायची?” तुम्ही मुकाट्याने हो म्हणायचात, कारण त्या ‘फक्त’च्या पुढे काय आहे ते कळल्याशिवाय तुम्हाला घास गेला नसता.

बाईंच्या खोलीत भिंतीवर मोठं घड्याळ होतं आणि बाई त्याच्याकडे पाठ करून बसायच्या. बोर्डासमोर दहा वर्षं काढल्यावर तीन मिनिटं त्यांच्या अंगात मुरली होती. रस्त्यात भेटल्या आणि आपण गप्पा मारायला उभे राहिलो, तरी तेवढ्या वेळाने त्या कुबडी काखेत नीट बसवायच्या आणि चालू पडायच्या. तुमचं वाक्य अर्धं राहिलं तर ते तुमचं तुम्ही घरी जाऊन पुरं करा. पुष्कळांना हा उर्मटपणा वाटायचा. उर्मटपणाच होता तो. मी उगाच सारवासारव कशाला करू?

मी तेव्हा इथल्या एका साप्ताहिकात होतो. उपसंपादक मी, बातमीदार मी, मुद्रितं तपासणारा मी आणि गुरुवारी अंकांवर पत्ते चिकटवणाराही मीच. बाई मला “संपादक” म्हणायच्या. त्यात आदराचा अंशही नव्हता हे माझ्या ध्यानात यायला दोन-तीन वर्षं लागली.

बाई मूळच्या वेळणेश्वरकडच्या. लहानपणी पोलिओत उजवा पाय पुरता गेला, डावा अर्धामुर्धा. लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर, काखेत कुबडी. नोकरीसाठी रत्नागिरीत आल्या आणि मांडवीला एक खोली भाड्याने घेऊन राहिल्या. खांदे मात्र होडी ओढून किनाऱ्याला लावणाऱ्या खारव्याचे. पण गावाने त्यांच्याकडे बघताना कायम खालीच बघितलं. खांद्यांपर्यंत कुणाची नजर पोचलीच नाही.

त्यांच्या कचेरीत एकदा मुंबईच्या एका संस्थेचं पत्रक आलं. अपंगांच्या क्रीडास्पर्धा, खुर्चीत बसून गोळाफेक. बाईंनी ते फळ्यावरून काढून पर्समध्ये टाकलं आणि दुसऱ्या दिवसापासून सराव सुरू केला. घरमालकांच्या आवारात एक लाकडी खुर्ची काथ्याच्या दोरीने माडाला करकचून बांधली. गोळा कुठून आणायचा? कोपऱ्यावरच्या वाण्याकडून दोन किलोचं लोखंडी वजन मागून आणलं. वाणी पंधरा दिवस गप्प होता. मग तक्रार घेऊन आला, “बाई, कातळावर आपटून वजन झिजतंय हो. गिऱ्हाईक म्हणतं साखर कमी भरली.”

“तुमच्याकडे ती आधीपासूनच कमी भरते,” बाई म्हणाल्या. “आता तुम्हाला कारण मिळालं.”

मुंबईला गेल्यावर त्यांच्या हातात तीन किलोचा गुळगुळीत गोळा दिला, तेव्हा त्यांनी पंचांना विचारलं, “हे कुठल्या दुकानातलं?” तरी दुसऱ्या आल्या. पुढल्या वर्षी पहिल्या आल्या. मग थाळी, मग भाला, मग पोहणं. पोहायला त्या गावच्या विहिरीत शिकलेल्या. मुंबईच्या तलावात निळ्या फरशा बघून म्हणाल्या, “तळ दिसतोय तिथे पोहायचं कशाला? चालतच जावं की.” कॅलिपर काढून पाण्यात पडलेल्या बाईंनी असं म्हटल्यावर हसावं की नाही ते तिथल्या कुणाला कळेना. त्यांना लोकांना अशा कोंडीत पकडायची फार हौस होती.

पहिल्या पदकावर मी लेख लिहिला. मथळा होता ‘नियतीवर मात!’ उद्गारचिन्ह मला मिळत होतं त्यापेक्षा एक जास्तच हवं होतं, पण छापखान्यात टाइपाचे खिळे कमी होते. अंक निघाला त्या सकाळी आमच्या कचेरीतला फोन वाजला.

“संपादक, मोजलं मी. ‘जिद्द’ सात वेळा. ‘पाय’ अकरा वेळा. ‘दैव’ चार वेळा. गोळा किती लांब गेला, एकदाही नाही.”

“अहो बाई, वाचकांना त्या अंतरात काय रस?”

“मग वाचकांना माझ्या पायात काय रस?”

पण मी मुरलेला पत्रकार असल्यामुळे पुढच्या पदकाला मथळा बदलून तोच लेख पुन्हा छापला.

मग गावाने सत्कार केला. सत्कार करणं हा आमच्या गावाचा खरा मैदानी खेळ. सभागृह निवडलं ते पहिल्या मजल्यावरचं. जिना चौदा पायऱ्यांचा, कठडा एकाच बाजूला आणि तोही हलणारा. बाई एकेक पायरी चढत होत्या आणि स्वागत समिती वर उभी राहून टाळ्या वाजवत होती. खाली येऊन चार खुर्च्या मांडाव्यात असं आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही. ‘आमच्यापैकी’ म्हणतो, कारण पहिल्या रांगेत वही घेऊन मीही होतो आणि ‘चौदा पायऱ्या, चौदा आव्हाने’ असं काहीतरी लिहून घेत होतो. अध्यक्षांचं भाषण पाऊण तास चाललं. भाषणात देव, निसर्ग, समुद्र आणि मातृशक्ती येऊन गेली. गोळा आला नाही. शेवटी शाल, श्रीफळ आणि व्यापारी मंडळातर्फे भेट म्हणून एक शिवणयंत्र दिलं. पायाने चालवायचं.

बाईंनी यंत्राकडे बघितलं. खालची पायपट्टी कुबडीच्या टोकाने जरा हलवून बघितली. मग माईक ओढून घेतला. “आभारी आहे. हे कुणाच्या पायांनी चालवायचं तेवढं सांगा. अध्यक्ष येणार का रोज?”

हशा झाला. अध्यक्षही हसले, कारण आपण थोर माणूस असल्यामुळे आपल्याला विनोद कळतो असं त्यांचं मत होतं. बाई हसत नव्हत्या हे मी बघितलं होतं आणि लेखात लिहिलं नव्हतं.

नंतर एका पावसाळ्याच्या शेवटी दुसरं पत्रक आलं. त्याच संस्थेचं, पण या वेळी हिवाळी क्रीडास्पर्धा. बाईंचे साहेब म्हणाले, “जानेवारीत ना? जा की. तेव्हा आपल्याकडेही हवा बरी असते.” आपल्याकडचा हिवाळा तुम्हाला ठाऊकच आहे. पंधरा दिवस लोक मफलर काढतात, तोही पेटीतून काढलाच आहे तर घालावा म्हणून. स्पर्धा होती पार उत्तरेला, हिमालयात, खऱ्या बर्फावर. खाली पट्ट्या लावलेल्या पाटावर बसायचं आणि दोन हातांतल्या दोन काठ्यांनी स्वतःला ढकलत न्यायचं. दोनशे मीटर. दोन गट आणि दोन्ही गटांत पहिली येणारी पुढे युरोपातल्या शर्यतीला जाणार.

बाईंनी ते वाचलं आणि त्याच आठवड्यात पासपोर्टसाठी फोटो काढून आल्या. शर्यतीला अजून तीन महिने होते आणि बर्फ त्यांनी फक्त कोळणीच्या टोपलीत पाहिलेला होता.

“एवढी घाई?” मी विचारलं.

“या गावातल्या निम्म्या घरांतले पुरुष तिकडे,” त्या म्हणाल्या. तिकडे म्हणजे समुद्रापलीकडे, दुबई, मस्कत, कुवेत. “दहा वर्षं मी त्यांचे फोन जोडून देते. कुणाचं बाळंतपण, कुणाची मयत, सगळं माझ्या कानावरून गेलं. मला एकदा तिकडून इकडे फोन लावायचाय. बघते तर खरी, पलीकडच्या टोकाला बसल्यावर रत्नागिरी कशी ऐकू येते.”

बाई कधी काही मागताना मी ऐकलं नव्हतं. हे मागणंच होतं. ते त्यांनी एकदाच सांगितलं आणि लगेच म्हणाल्या, “हे छापू नका.” तेवढं मी पाळलं.

सराव मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावर बर्फाच्या कारखान्यात सुरू झाला. म्हणजे बर्फाच्या लादीवर अर्धा तास बसून आल्या. कुणीतरी सांगितलं होतं, थंडीची सवय करा. परतल्या त्या शिंकत, आणि साडीला बांगड्याचा असा वास की एक्सचेंजमधली दुसरी मुलगी दोन दिवस खुर्ची लांब घेऊन बसली. थंडीची सवय झाली, पण घसरायचं कुठे?

इथे हलीमाबी आली. राजिवड्याची हलीमाबी साठीची होती, मुलगा मस्कतला, आणि ओहोटीला भाट्याच्या खाडीत तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, गोळा करणं हा तिचा जन्मभराचा धंदा. मुलाचा फोन बाईच जोडून द्यायच्या, म्हणून ओळख. खाडीच्या मऊ चिखलात चालता येत नाही, गुडघ्यापर्यंत पाय रुततो. म्हणून हलीमाबी एका रुंद फळीवर एक गुडघा टेकायची आणि दुसऱ्या पायाने रेटा देत चिखलावरून सरसर जायची. बाईंनी ते पुलावरून बघितलं आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली.

“मना काय, ये,” हलीमाबी म्हणाली. “पन येक ध्यानात ठेव गो पोरी. चिखलात थांबायचा नाय. थांबलीस का रुतलीस.”

फळी सुतारानं करून दिली. तिच्यावर पेंढा भरलेलं गोणपाट. कॅलिपर काढून बाई त्यावर बसायच्या आणि पाय सुंभाने फळीला बांधायच्या. हातात बांबूच्या दोन आखूड काठ्या. त्या काठ्या आधी चिखलात घुसायच्या आणि बाहेर निघायच्या नाहीत, म्हणून बाईंनी त्यांच्या टोकांशी एकेक करवंटी ठोकली. मग त्या रुतेनाशा झाल्या. पहिल्या दिवशी बाई वीस हात गेल्या आणि पालथ्या पडल्या. पुलावर एसटी थांबवून प्रवासी बघत होते. कुणीतरी ओरडलं, “बाई, काय हरवलं काय?” बाईंनी तोंडातला चिखल थुंकून उत्तर दिलं, “तुमची अक्कल. अजून सापडली नाही.”

दोन महिन्यांत त्या चिखलावरून अशा जाऊ लागल्या की बगळे उडायचे. मी रोज बघायला जायचो. अर्थातच पुढच्या लेखाची तयारी.

आता नीट ऐका, कारण इथे मी येतो.

संस्थेच्या अर्जात एक रकाना होता. घसरत्या जमिनीवर दोनशे मीटरला लागलेला वेळ, आणि खाली घड्याळ लावणाऱ्या त्रयस्थाची सही. तीन मिनिटांच्या आत आलात तर पहिला गट, जास्त लागली तर दुसरा. ‘बर्फावरील अनुभव’ या रकान्यात बाईंनी लिहिलं ‘भाट्याची खाडी’. त्रयस्थ मी. माझ्या मनगटी घड्याळाला सेकंदकाटा होता, आणि दुसरा रिकामटेकडा माणूस गावात नव्हता.

सकाळची ओहोटी. दोनशे मीटर काथ्याच्या दोरीने मोजून दोन्ही टोकांना बांबू रोवले होते. हलीमाबी टोपली डोक्यावरून उतरवून बघायला थांबली. मी हात खाली केला आणि बाई सुटल्या. मध्ये एकदा डावी काठी घसरली, फळी तिरकी झाली, बाईंनी ती कमरेने सरळ केली. शेवटच्या पन्नास मीटरमध्ये त्या तोंड उघडून श्वास घेत होत्या आणि तो मला लांबवर ऐकू येत होता. बांबू ओलांडला. मी घड्याळ बघितलं.

तीन मिनिटं सहा सेकंद.

मग मी बाईंकडे बघितलं. भुवयांपर्यंत चिखल. हाताचे तळवे सोललेले. डोळे माझ्यावर.

“दोन मिनिटं अठ्ठावन्न!” मी ओरडलो.

बाईंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. माझ्याकडे एकटक बघितलं. मग तोंड मिटलं. “नक्की?” त्यांनी विचारलं.

“नक्की.”

हलीमाबीने टाळ्या वाजवल्या. मी अर्जावर सही केली, झोकदार.

का केलं? तेव्हा मला वाटलं होतं, कौतुकापोटी. एवढे हात सोलून घेतलेल्या बाईला सहा सेकंदांनी दुसऱ्या गटात कसं घालायचं? शिवाय ‘तीन मिनिटांचा उंबरठा ओलांडला!’ हा मथळा माझ्याकडे आधीपासून तयार होता, आणि तयार मथळा वाया घालवणं आमच्या धंद्यात पाप समजतात. आज विचाराल तर सांगतो. ते कौतुक नव्हतं, कीव होती. गाव चौदा पायऱ्यांच्या टोकाला उभं राहून टाळ्या वाजवत होतं, मी खाडीच्या टोकाला. ज्या बाईने आयुष्यभर फक्त एक गोष्ट मागितली, की माझं अंतर सांगा, माझा वेळ सांगा, तिला मी नेमकं तेच खोटं सांगितलं.

जानेवारीत बाई गेल्या. मुंबईहून संस्थेच्या माणसांबरोबर रेल्वे, पुढे बस. मी इकडे लेख छापून मोकळा झालो. दोन मिनिटं अठ्ठावन्न ठळक टायपात.

परत आल्यावर त्यांनी सगळं सांगितलं, मालकांच्या पडवीत बसून, स्वतःचीच यथेच्छ टवाळी करत. तिथल्या काठ्यांच्या टोकांना गोल चकत्या होत्या. “आपल्याच करवंट्या हो, पण प्लास्टिकच्या.” सरावाच्या दिवशी त्या इतक्या झकास निघाल्या की शिकवणारे गृहस्थ वा वा म्हणायला लागले. मग शेवटची रेघ आली आणि बाई तशाच पुढे. रेघेच्या पलीकडे थोडा उतार होता. गृहस्थ ओरडताहेत, थांबा, थांबा. “थांबायचं कसं ते मला कुणी शिकवलं होतं? चिखलात हात सोडला की झालं, चिखल धरतो. बर्फ कुठे धरतोय?” बाई पंचांच्या चहाच्या टेबलाखालून गेल्या आणि किटली मांडीवर घेऊन पलीकडे निघाल्या. “चहा गरम होता. त्या अख्ख्या आठवड्यात मला ऊब लागली ती तेवढीच.”

मी हसून लोटपोट झालो. मग विचारलं, “आणि शर्यत?”

“पाचवी.”

“कितीजणींत?”

“पाचजणींत.”

मी म्हणालो, भाग घेणं महत्त्वाचं. हो, हे वाक्य मी म्हणालो. बाईंनी ते ऐकून घेतलं आणि कुबडी उचलली. बोलणं संपलं होतं.

चार दिवसांनी कचेरीतला फोन वाजला.

“संपादक, हाताला घड्याळ आहे? सेकंदकाटा बारावर आला की सांगा.”

“कशाला?”

“सांगा.”

काटा बारावर आला. “आला,” मी म्हणालो.

पलीकडे काहीच नाही. लाइन चालू होती. मधली घरघर ऐकू येत होती, कुठेतरी लांबून कुणीतरी “हॅलो कोल्हापूर” म्हणत होतं. मी दोनदा “बाई?” म्हटलं. उत्तर नाही. काटा फिरत होता. एक वेढा झाला, दुसरा झाला. तिसऱ्या वेढ्याला हे काय चाललंय ते मला कळलं.

काटा बारावर टेकला.

“तीन मिनिटं झाली,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी लाइन तोडली.

मी तसाच उठून मांडवीला गेलो आणि त्यांची पाळी संपेपर्यंत पायरीवर बसून राहिलो. त्या आल्या. मला बघून त्यांना नवल वाटलं नाही.

“तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं,” मी म्हणालो.

“बांबू अजून दहा हात लांब होता तेव्हाच तोंडाशी आलं होतं माझ्या. दिवसाला शंभरदा म्हणते मी ते, चुकेन कशी? पण हात थांबवता येईना.”

“मग बोलला का नाहीत?”

बाई कुबडीवर भार देऊन उभ्या होत्या. बसल्या नाहीत. “दुसऱ्या गटात पहिली आली तिला माझ्यापेक्षा चार सेकंद जास्त लागले,” त्या म्हणाल्या. “त्याच बर्फावर, त्याच दिवशी. फळ्यावर दोन्ही याद्या शेजारीशेजारी लावल्या होत्या. मी त्या गटात असते तर आता पासपोर्टाच्या रांगेत उभी असते.”

मला खरोखर रडू येत होतं, आणि या बाईसमोर रडलो तर त्या वेळ मोजतील अशी भीतीही वाटत होती.

“का बोलले नाही विचारता?” बाईच पुढे म्हणाल्या. “बरं वाटलं हो. मला कुणी कधी पहिल्या गटात घातलं नव्हतं.”

एवढं म्हणून त्यांनी तोंड फिरवलं. तेवढा एकच क्षण. मग नेहमीचा आवाज.

“हाव मी केली, ती माझी मी बघेन. तिची दुरुस्ती कुणी छापत नाही. पण तुमच्या अंकात दोन अठ्ठावन्न छापलंय, ते खोटं आहे. दुरुस्ती छापा.”

“पुढच्या अंकात छापतो,” मी म्हणालो.

पुढच्या अंकात आंब्यावरच्या तुडतुड्याचा विशेष लेख होता. त्याच्या पुढच्या अंकात नगरपालिकेचं भांडण. मग निवडणूक. मग गणपती विशेषांक. ‘चूकभूल’ म्हणून दोन ओळींची चौकट, तिला कितीशी जागा लागते? जागेचा प्रश्नच नव्हता. ती छापली की त्रयस्थाने खोटी सही केली हे गावाला कळणार होतं, आणि त्याच गावात मला नगरपालिकेच्या लबाड्यांवर अग्रलेख लिहायचे होते. मी कचेरीतून कुठेही फोन लावला की नंबर जोडण्याआधी बाई विचारायच्या, “दुरुस्ती?” मी म्हणायचो, “पुढच्या अंकात.” मग त्या मुकाट्याने नंबर जोडून द्यायच्या. त्यांनी माझा एकही फोन कधी अडवला नाही. अडवला असता तर मला फार सोपं गेलं असतं.

बर्फावरची ती शर्यत संस्थेने पुन्हा कधी भरवली नाही. बाई गोळा फेकत राहिल्या, पोहत राहिल्या, आणखी पदकं आणली. त्या पदकांवर मी फक्त अंतर आणि वेळ छापला, दोन ओळी, एकही विशेषण नाही. बाईंनी फोन करून कधी काही म्हटलं नाही. पासपोर्टसाठी काढलेला फोटो त्यांनी एक्सचेंजच्या ओळखपत्राला लावून टाकला. फोटोत त्या किंचित हसताहेत, सरकारी ओळखपत्रावर शोभणार नाही इतपत.

मग गावात नवीन यंत्रं आली. नंबर फिरवला की मुंबई थेट लागायला लागली. मध्ये कुणी नाही. काका अत्यवस्थ असला तर आता हवा तितका वेळ अत्यवस्थ राहू शकत होता. गावाने पेढे वाटले. बाईंची बदली मुंबईला झाली.

निरोपाला एसटी स्टँडवर आम्ही तिघंच होतो. बाई, हलीमाबी आणि मी. सत्कार समितीला कुणी कळवलं नव्हतं, तशी बाईंची सक्त ताकीद होती. कंडक्टर दंडाला धरून वर ओढायला लागला, तेव्हा बाई म्हणाल्या, “मला नको, ही कुबडी धरा,” आणि दोन्ही हातांनी दांड्याला धरून स्वतःला वर घेतलं. खिडकीशी बसल्या. हलीमाबीने सुक्या तिसऱ्यांची पुडी आत दिली आणि पदर डोळ्यांना लावला.

“दुरुस्ती?” बाईंनी खिडकीतून विचारलं.

“पुढच्या अंकात,” मी म्हणालो. सवयीने तोंडातून गेलं. गेल्यावर मला स्वतःची शिसारी आली.

बाई रागावल्या नाहीत. “छापाल तेव्हा माझं नाव घालू नका,” त्या म्हणाल्या. “तुमचं घाला. चूक तुमची आहे.”

गाडी सुटली. त्यानंतर त्या मला भेटल्या नाहीत. साप्ताहिक दीड वर्षाने बंद पडलं. शेवटच्या अंकातही मी वाचकांचे, जाहिरातदारांचे आणि छापखान्याचे आभार मानले.

ती दोन ओळींची चौकट ही अशी: आमच्या अंकात एका खेळाडूला भाट्याच्या खाडीत दोनशे मीटरला दोन मिनिटं अठ्ठावन्न सेकंद लागल्याचं छापलं होतं, ते तीन मिनिटं सहा सेकंद असं वाचावं. घड्याळ बरोबर होतं.

बाईंचं नाव मी इतका वेळ कुठेच लिहिलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. ते त्यांनी सांगितलं होतं म्हणून. चूक माझी होती, आणि या लेखावर नाव माझ्या एकट्याचंच आहे.